टोपली रिकामी केली

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही जाऊन उद्या महिना होईल. सकाळी मुलीचा फोन आला. आईचे कपाट उघडले का, असे तिने पुन्हा विचारले. मी म्हणालो, कपाट नंतर, आधी तिचा कॉम्प्युटर आवरायला घेतला आहे. ती म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरमध्ये कपडे नाहीयेत." मी म्हणालो, ते मला माहीत आहे. मग दोघेही गप्प. आमचे फोन असेच असतात. बोलायचे खाते हिच्याकडे होते.

कॉम्प्युटर मागच्या खोलीत आहे. चालू केला की चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतो, तरी पडद्यावर ते चक्र फिरतच असते. हिने दोन-तीनदा सांगितले होते, जरा बघा ना याच्याकडे. मी बघतो म्हणालो होतो. आज बघायला बसलो.

पडद्यावर पसारा अजिबात नाही. निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. मी हिला म्हणालो होतो की, आमच्या स्टोअरमध्ये असा माल पडला असता तर माझी नोकरी गेली असती. दुसऱ्या दिवशी सगळे स्वच्छ. सांगितलेले ऐकायची, हा गुण होता हिच्यात.

फक्त रिसायकल बिन, म्हणजे ती कचऱ्याची टोपली, तुडुंब भरलेली. आत मोठमोठ्या फायली. नावे अशी: बदली नवीन, बदली नवीन बरोबर, शिस्त पुन्हा, शिस्त आता तरी. आयुष्य स्टोअरकीपर म्हणून गेले. ज्या वस्तूवर दोनदा 'नवीन' लिहिलेले असते ती भंगारच असते. टोपली रिकामी केली. बराच वेळ लागला. झाल्यावर हलके वाटले. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी पुरे केले.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत धुळीची गादी. रंगाच्या जुन्या ब्रशाने झाडली. पंख्याच्या पात्यांत एक लांब केस गुंडाळलेला होता. सोडवून काढला. कुठे ठेवावा ते कळेना. टाकवेना. शेवटी डब्यात तळाशी, पंख्यापासून दूर, परत ठेवला आणि झाकण लावले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सफाईचा एक प्रोग्राम मिळतो, तो घेतला. नको असलेले प्रोग्राम काढले, विखुरलेली माहिती एकत्र लावून घेतली. शेवटी त्याने विचारले, मोकळी झालेली जागा कायमची पुसून घ्यायची का? मी हो म्हणालो. काम करायचे तर नीट करावे. दिवसभर ते चालू होते.

आता चहाला उकळी यायच्या आत कॉम्प्युटर तयार असतो. मुलीला कळवले. ती म्हणाली, "छान. आता कपाट."

१० फेब्रुवारी, सोमवार

हिचा मोबाईल मी रोज चार्ज करतो. कशासाठी, ते सांगता येणार नाही. आज तो वाजला.

"भाऊजी बोलताय का?"

मला भाऊजी म्हणणारे कोणी नाही. हिला बहीण नव्हती. आवाज बाईचा, एकेक अक्षर सुटे सुटे. तिने आधी हिच्याबद्दल चार शब्द नीट सांगितले, मग स्वतःबद्दल. मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहे. जन्मापासून दिसत नाही. हॉस्पिटलात आता फोन जोडायला यंत्र येणार आहे. मार्चअखेर खात्याची परीक्षा आहे. पास होतील त्यांना कारकुनाची जागा, बाकीचे जादा ठरणार. परीक्षेला खात्याची नियमावली आहे. पुस्तकाची छपाई इतकी जुनी की वाचून दाखवणारे यंत्र त्यातून नुसता गोंधळ काढते. म्हणून ही तिला ते पुस्तक वाचून, रेकॉर्ड करून देत होती.

ही कुणासाठी तरी काहीतरी वाचते, इतके मला ठाऊक होते. दुपारी मी वाचनालयात जायचो तेव्हा ती वाचायची. काय आणि कुणासाठी, ते कधी विचारले नाही.

पुस्तकाचा अर्धा भाग ऑपरेटरबाईंना मिळालेला आहे. उरलेलाही वाचून झाला होता, पण काही पाने पुन्हा वाचायची आहेत म्हणून हिने तो ठेवून घेतला होता.

"तुमचं दुःख ताजं, म्हणून महिनाभर थांबले," ती म्हणाली. "आता लाज बाजूला ठेवून फोन केला."

मी म्हणालो, शोधावे लागेल.

"बाहेर नाही सापडायचं. टोपलीत बघा, कचऱ्याच्या. ताई तिथेच ठेवायच्या. म्हणायच्या, ह्यांना पडद्यावर पसारा खपत नाही, आणि कचऱ्यात कुणी हात घालत नाही."

ती हसली. ही गोष्ट सांगताना दोघी बऱ्याचदा हसल्या असाव्यात.

मी म्हणालो, "बघतो. कॉम्प्युटर फार हळू चालतो. वेळ लागेल."

कॉम्प्युटर आता हळू चालत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टोपली उघडून पाहिली. रिकामी असणार हे माहीत होते, तरी पाहिली.

हिला वेगळा कप्पा करून हवा होता तर मी दोन मिनिटांत करून दिला असता. विचारले का नाही, ते कळत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डबा उचलून कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेला. टोपली रिकामी केल्यावरही कधीकधी परत मिळते, असे तो आधी म्हणाला. मग मी पुढे काय काय केले ते त्याने एकेक विचारून घेतले. पुसून घेतल्याचे सांगितले तेव्हा तो आपल्या मदतनिसाकडे बघून हसला.

"काका, घर झाडलंत, पुसलंत, वर चुनाही मारलात. आणि आता विचारताय, भिंतीवर काय लिहिलं होतं?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. तीही हसली. महत्त्वाचे होते का, असे त्याने विचारले. मी नाही म्हणालो.

नाही का म्हणालो? त्याला हो म्हणण्यात काय अडचण होती?

२० फेब्रुवारी, गुरुवार

ऑपरेटरबाईंचा फोन. मी म्हणालो, कॉम्प्युटर दुरुस्तीला दिला आहे. तो माझ्यासमोर टेबलावर होता. मी त्याच्यावर हात ठेवून बोलत होतो. बाई म्हणाल्या, घाई नाही, पण जरा घाई आहे. स्वतःच हसल्या. तोवर पहिला भाग पुन्हा ऐकते म्हणाल्या.

नोकरीत एक खिळा कमी भरला तरी मी स्वतः साहेबांपुढे जाऊन सांगायचो. त्याचा मला अभिमान होता. आता वाटते, खिळ्याचे सांगायला काय लागते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

समोर जाऊन सांगायचे ठरवले आणि हॉस्पिटलात गेलो. फोनची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. दाराला काच आहे. बाई माझ्या मुलीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. पाठ ताठ, कानाला यंत्र, बोटे बटणांवर सारखी फिरत होती. टेबलावर जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, रुमालाची घडी, सगळे रेषेत. माझ्याही टेबलावर असेच असायचे.

आत जाता आले नाही. बाहेर भिंतीवर हॉस्पिटलचा फोन आहे. वाटले, समोर नाही तर फोनवर तरी सांगू. उचलला. काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसले आणि कानात आवाज आला, "नमस्कार, कोणता विभाग हवाय?"

मी म्हणालो, "चुकून लागला." ठेवून दिला.

घरी चालत आलो. बसमध्ये बसायची हिंमत होईना. कुणी ओळखणार नव्हते, तरीही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगितले. शहाणपण सुचले म्हणून नाही. सकाळी बाईंचाच फोन आला आणि पहिले वाक्य असे, "परवा खालच्या फोनवर तुम्हीच होतात ना? मी माणूस आवाजावरून ओळखते, भाऊजी. काय झालंय?"

मी म्हणालो, "टोपली मीच रिकामी केली. तुमचा फोन यायच्या आधीच. परत मिळणार नाही. तेव्हापासून तुमच्याशी खोटं बोलतोय."

मागे फोनची घंटा वाजत राहिली, ती त्यांनी घेतली नाही. मग म्हणाल्या, "रिकामी केलीत ते समजू शकते. कचऱ्याची टोपली माणूस रिकामी करणारच, ती ताईंचीच खोड. पण मी वाट बघत बसले ना. त्याच दिवशी सांगितलं असतंत तर आणखी कुणाच्या तरी पाया पडले असते."

शेवटी त्यांनीच विचारले,

"पुस्तक आहे का घरात?"

"आहे."

"चष्मा?"

"आहे."

"मग वाचा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

१ मार्च, शनिवार

शिस्तीच्या प्रकरणाची पहिली पाने वाचून मोबाईलवर पाठवली. संध्याकाळी बाईंचा फोन. "भाऊजी, हे वाचन नाही, ही मोजदाद आहे. वाक्य संपलं कुठे, तेच कळत नाही. अर्जदार कोण आणि त्याला कामावरून काढणारा कोण, सगळे एकाच पोत्यात." असे कुणी मला तोंडावर सांगितल्याला खूप वर्षे झाली. बाई म्हणाल्या, आधी ताई कशा वाचतात ते ऐका. पहिल्या भागाचा पेन ड्राइव्ह फोनच्या खोलीच्या खिडकीत ठेवते, घेऊन जा.

३ मार्च, सोमवार

आणला. ऐकला.

"प्रकरण दुसरे. किरकोळ रजा." हिचा आवाज. रजेचे नियम असे वाचते की जणू शेजारणीला जिन्यात थांबवून सांगते आहे. कंटाळवाण्या कलमाच्या आधी जरा थांबते आणि म्हणते, "हे जरा अवघड आहे हं, मी दोनदा वाचते." मग दोनदा वाचते. मला ते पहिल्याच वेळी समजले.

मध्येच दाराचा आवाज. मग एका पुरुषाचा आवाज, "अजून हेच चाललंय का? चहाचं काही आहे की नाही?" हिचा आवाज, "आले, आले." खुर्ची सरकते. नंतर बराच वेळ नुसती रिकामी खोली रेकॉर्ड झाली आहे.

तो आवाज माझा होता. मला वाटायचे, मी हळू बोलतो.

पुढे असे दोन-चार ठिकाणी आहे. नंतर माझा आवाज येत नाही. नुसते दार वाजते आणि हिचे वाक्य अर्ध्यावर तुटते. मग तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून, जरा घाईघाईने. काही ठिकाणी मी आलोच नव्हतो. ते शेजारचे दार होते. तरीही वाक्य तुटलेले आहे.

हे सगळे ऑपरेटरबाईंनी कितीदा तरी ऐकले असेल. आणि मला भाऊजी म्हणतात.

८ मार्च, शनिवार

पुस्तकात हिने पेन्सिलीने तिरक्या रेघा मारल्या आहेत. आधी वाटले, उगीच ओढल्या असतील. त्या श्वास घ्यायच्या जागा आहेत. आता मी तिथे तिथे थांबतो. बाई म्हणतात, सुधारणा आहे, मोजदादीवरून आता बातम्यांवर आलात.

आजच्या प्रकरणात जुन्या नोंदी नष्ट करण्याची पद्धत होती. नष्ट करण्यापूर्वी संबंधित विभागाची लेखी संमती घ्यावी आणि दोन जबाबदार व्यक्तींनी खात्री करावी. मी ते कलम जरा पटकन वाचले. बाईंनी लगेच पकडले. "हे अवघड आहे हं भाऊजी, दोनदा वाचा."

दोनदा वाचले.

१५ मार्च, शनिवार

मुलगी आली. आम्ही कपाट उघडले. तिने कपडे काढले, मी घड्या घातल्या. तासाभरात झाले. इतके दिवस कशाला टाळत होतो, कुणास ठाऊक. माझा घसा बसला आहे, ते तिच्या लक्षात आले. तुम्ही आणि घसा बसेपर्यंत बोलता? कुणाशी? तेव्हा तिला सगळे सांगितले. टोपलीचे, आणि खोटे बोलल्याचेही. ती म्हणाली, "म्हणजे आईचा आवाज आहे कुठेतरी."

अर्धा आहे, मी म्हणालो.

तिला पेन ड्राइव्हची नक्कल करून द्यायची होती. कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. रेकॉर्डिंगमध्ये मागून कुणी बोलत असेल तर तेवढा भाग कापता येतो, साफ करून देऊ का, असे तो म्हणाला. मी म्हणालो, नको, आहे तसे राहू दे.

१७ मार्च, सोमवार

मुलीचा फोन. ऐकले म्हणाली. मी म्हणालो, तो मधला आवाज माझा आहे. ती म्हणाली, "माहितीये बाबा. घरात असंच असायचं."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते.

२२ मार्च, शनिवार

उद्या परीक्षा. बदली आणि नेमणुकीचे शेवटचे प्रकरण राहिले. घसा पार गेला आहे, शब्दाऐवजी वारा येतो. सकाळी पाच पाने रेकॉर्ड केली ती बाईंनी परत पाठवली, काही कळत नाही म्हणाल्या. मी म्हणालो, गरम पाणी घेऊन पुन्हा बसतो. त्या म्हणाल्या, "राहू द्या. आता नवीन काही डोक्यात घातलं तर आहे तेही सांडेल."

जे दिवस मी खोटे बोलण्यात घालवले त्यात हे प्रकरण दोनदा वाचून झाले असते. हे त्या बोलल्या नाहीत.

२४ मार्च, सोमवार

बाईंचा फोन. पेपर बरा गेला. लेखनिक नीट लिहिणारा होता. दोन प्रश्न सोडून द्यावे लागले. मी विचारले, कुठले?

"बदली आणि नेमणूक."

मी म्हणालो, ते दोन माझे.

"हो," त्या म्हणाल्या. "तुमचेच."

नाही हो, असे काही नाही, असे त्या म्हणतील, असे मला वाटत होते की काय? तसे म्हणाल्या नाहीत, हे योग्यच झाले.

१७ एप्रिल, गुरुवार

आज दुपारी निकालाचा फोन आला. मी उचलला आणि काही बोललोच नाही. बाईच म्हणाल्या, "श्वास घ्या भाऊजी, रेघ आली. पास झाले."

मग त्यांनी बाकीचे सांगितले. काठावर पास. गुणांप्रमाणे जागा वाटल्या. त्यांना याच इमारतीतले नोंदणीचे टेबल हवे होते, घर जवळ पडते, वाट पायाखालची आहे. ते थोडक्यात गेले. शहराबाहेरच्या नव्या इमारतीत जागा मिळाली. दोन बस बदलायच्या, आणि नवा रस्ता पुन्हा पहिल्यापासून शिकायचा. किती गुणांनी गेले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "ते नका विचारू. नोकरी राहिली, ते बघा."

मी म्हणालो, रस्ता शिकेपर्यंत मी रोज बसस्टॉपपासून सोबत येईन. त्या म्हणाल्या, विचार करून सांगते, तुम्ही रस्त्यात काय काय आवरायला घ्याल याचा नेम नाही.

मग आवाज जरा बदलून त्या म्हणाल्या, "आभार मानायला फोन केला होता."

मी म्हणालो, माझे आभार मानू नका. मला ते घेता येणार नाहीत.

"तुमचे कुठे मानतेय? ताईंना सांगायचंय. फोन तुमच्याकडे आहे म्हणून तुम्हाला सांगते."

"सांगतो," मी म्हणालो.

फोन ठेवून मागच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतले. घरात कोणी नव्हते, तरी लावले. तुझी ऑपरेटरबाई पास झाली, असे मोठ्याने सांगितले. ती तुझे आभार मानते आहे, तेही सांगितले. तेवढ्यात शेजारचे दार वाजले. मी थांबलो नाही.

मग बाकीचेही सांगितले. त्याला वेळ लागला.